रोमिओ नावाचा कारभारी

रोमिओ हे नाव उच्चारताच व्हेरोनाचा तो प्रेमवेडा तरुणच मनात यावा, इतका शेक्सपिअरचा या नावावरील अंमल निर्वेध आहे. परंतु त्याचे नाटक १५९७ साली छापून निघण्यापूर्वी सुमारे पावणेतीनशे वर्षे दान्तेने आपल्या महाकाव्याच्या स्वर्गखंडात, सहाव्या सर्गात, ज्या रोमिओला बुधलोकातील पुण्यात्म्यांमध्ये स्थान दिले, तो प्रोव्हान्सच्या रेमंड बेरेंगार या काउंटचा कारभारी होता. दान्ते सांगतो त्याप्रमाणे, कोठूनसा आलेल्या या दीन यात्रेकरूने धन्याच्या चारही कन्या राजांच्या घरी दिल्या (फ्रान्सचा नववा लुई आणि इंग्लंडचा तिसरा हेन्री हे त्यांतले दोन जामात), खजिन्यात दहाचे बारा केले, आणि तरीही मत्सरी दरबाऱ्यांच्या चहाडीवरून जमाखर्चाचा झाडा मागितला जाताच, हिशेब चोख पुरा करून, तो वार्धक्यात भिक्षा मागत निघून गेला. इतिहासाचे दप्तर निराळे बोलते: काउंट १२४५ मध्ये वारला, त्यानंतरही रोमिओ द व्हिलनव्ह प्रांताचा कारभार पाहतच होता. परंतु १३०२ साली अपहाराच्या आरोपाखाली स्वतः फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेल्या कवीला दंतकथाच अधिक जवळची वाटली असल्यास नवल नाही.

व्हेरोनाच्या प्रेमकथेतील दोन घराण्यांची नावेही दान्तेत आहेत, पण ती नुसत्या कलहाचा दाखला म्हणून. तिथे प्रेम आणले ते सोळाव्या शतकात विचेन्झाच्या लुइजी दा पोर्तोने; बान्देल्लो आणि आर्थर ब्रुक यांच्या हातून ती कथा पुढे लंडनच्या रंगभूमीवर पोहोचली, आणि कारभारी विस्मृतीत गेला.

या नावाचा तिसरा मानकरी, नेपल्सजवळ सांतान्तिमो येथे १८७६ साली जन्मलेला अभियंता निकोला रोमिओ, याने १९१५ मध्ये मिलानचा ‘आल्फा’ हा मोटारकारखाना ताब्यात घेतला, महायुद्धात तेथे युद्धसामग्री निर्माण केली, आणि शांतता झाल्यावर गाड्यांच्या नावाला आपले आडनाव जोडले. १९२५ मध्ये, मोटारशर्यतींच्या पहिल्याच जागतिक स्पर्धेत, या कारखान्याच्या ‘पी-टू’ गाडीने अजिंक्यपद मिळविले. परंतु भांडवल पुरविणारी बँक मधल्या काळात बुडाली होती, सूत्रे हळूहळू निसटत गेली, आणि १९२८ त निकोलाला आपल्याच नावाचा कारखाना सोडावा लागला. व्हेरोनाच्या तरुणापेक्षा प्रोव्हान्सच्या कारभाऱ्याशीच या गृहस्थाचे नाते मला निकटचे वाटते. १३ मे १९५० रोजी सिल्व्हरस्टोन येथे नव्या जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत झाली, तीत आल्फा रोमिओने पहिले तीनही क्रमांक पटकाविले, आणि त्या वर्षी फारिना व पुढील वर्षी फांजिओ हे तिच्याच गाडीतून जगज्जेते झाले. निकोला मात्र १९३८ मध्येच निवर्तला होता.

कारखान्याने वारसा सांगितला तो प्रियकराचाच. १९५४ साली तूरिनच्या प्रदर्शनात मांडलेल्या छोटेखानी गाडीचे नाव त्याने ‘जूलिएत्ता’ ठेवले, आणि ती अमाप खपलीही.