एका वहींतून दुसऱ्या वहींत

राजे लढाया करितात, कवि काव्यें रचितात. परंतु राज्याचा रोजचा गाडा नकला उतरविणाऱ्या कारकुनाच्या बोटांवर चालतो. इतिहासानें या माणसाची फारशी दखल घेतलेली नाहीं. तथापि एका वहींतील आंकडा दुसऱ्या वहींत जसाचा तसा गेला कीं नाहीं, यावर कित्येक घरांची भाकरी अवलंबून राहिली आहे.

नागपूर जिल्ह्यांतील कुही तालुक्याचेंच उदाहरण घ्यावें. तेथील मांढळ या गांवीं वाकाटक राजांचे ताम्रपट सांपडले. शाई पुसते, पान कुजतें, म्हणून दानाची हकीकत तांब्यावर कोरीत. पण ही सोय मोजक्या दानांपुरतीच. सामान्य शेतकऱ्याचा हक्क वहींतच राहावयाचा.

भोसल्यांचें राज्य इंग्रजांनीं १८५४ सालीं खालसा केलें आणि १८६१ सालीं मध्यप्रांत अस्तित्वांत आला. त्या मालगुजारी अमलांत गांवचें दप्तर पटवारी राखी. त्याचा खसरा शेतांच्या क्रमानें लिहिलेला असे. जमाबंदी मात्र कुळांच्या क्रमानें. एकाच कुळाचे तुकडे शिवाराच्या चार टोकांना विखुरलेले असावयाचे. खसऱ्यांतून ते वेंचून एका नांवाखालीं मांडणें हेंच पटवाऱ्याचें खरें कसब. एक नंबर चुकला, कीं एकाचें शेत दुसऱ्याच्या नांवावर!

१९५१ सालीं मालगुजारी गेली, पण नक्कल गेली नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या व्यवस्थेंत फेरफार आधीं गांव नमुना सहामध्यें नोंदावयाचा, हितसंबंधितांस नोटीस द्यावयाची, नोंद प्रमाणित झाली म्हणजे ती सातबाऱ्यावर उतरवावयाची. याच संहितेच्या १५५ व्या कलमांत लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद आहे. माणूस उतरवून घेतांना चुकणारच, हें कायद्यानेंच गृहीत धरलें आहे.

पुढें वहीची जागा संगणकानें घेतली. ब्रिकलिन आणि फ्रँकस्टन यांचें 'व्हिजिकॅल्क' १९७९ सालीं निघालें. १९८३ सालच्या 'लोटस'मध्यें मॅक्रो, म्हणजे एकदां लिहून ठेवलेली आज्ञावली, आली. १९९३ सालीं 'एक्सेल'ला त्यासाठीं स्वतंत्र भाषाच मिळाली. मॅक्रो मूळ वही उघडतो, ठराविक चौकटी उचलतो, दुसऱ्या वहींतील शेवटची भरलेली ओळ शोधतो आणि तिच्याखालीं त्या मांडतो. पटवाऱ्याचें दिवसाचें काम क्षणांत उरकतें.

परंतु या कारकुनाला शंका येत नाहीं. मूळ वहींत कोणीं मध्येंच एक रकाना घातला, आणि मॅक्रो ठराविक रकान्यावरच बांधलेला असला, तर तो क्षेत्राच्या जागीं आकार निमूटपणें उतरवितो. तेंही एका ओळींत नव्हे, हजार ओळींत. शिवाय त्यानें केलेलें काम 'मागें घ्या' या आज्ञेनें सहसा परत येत नाहीं. पटवाऱ्यानें खोडलेला आंकडा निदान रेघेखालीं दिसत तरी असे.

म्हणून जाणते लोक मॅक्रोला रकान्याच्या स्थानावरून नव्हे, मथळ्याच्या नांवावरून शोधावयास लावितात. मूळ वहीची प्रत बाजूला ठेवितात आणि शेवटीं दोन्ही वह्यांच्या बेरजा ताडून पाहतात. बेरीज जुळविण्याची ही रीत जमाबंदीइतकी जुनी आहे. उतरविणारे हात बदलले. ताडून पाहणारा डोळा मात्र माणसाचाच लागतो.