कुलाबा किल्ला
रायगड जिल्ह्यात अलिबागच्या किनाऱ्यासमोर खडकावर बांधलेला जलदुर्ग. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये बांधकाम सुरू केले, संभाजी महाराजांनी ते पुरे केले. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे झाले. भरतीला चहूकडून पाणी, ओहोटीला पायवाट. मग असा किल्ला कच्चा नव्हे काय? आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण ओहोटी काही तासांचीच, त्यामुळे वेढा घालणाऱ्याला खडकावर ठाण मांडता येत नाही. शिवाय वाटेच्या बाजूला सर्जेकोट हा छोटा कोट पहाऱ्याला आहे. तटाचे मोठमोठे चिरे चुन्याशिवाय रचलेले दिसतात. लाटेचे पाणी फटींत शिरते आणि माऱ्याचा जोर तिथेच मोडतो. आत गोड्या पाण्याचे तळेही आहे.

तरी किल्ल्याचे भवितव्य तटाने ठरवले, असे म्हणता येत नाही. 1721 मध्ये कुलाब्यावरची इंग्रज-पोर्तुगीजांची संयुक्त स्वारी फसली, त्यात पेशवा पहिल्या बाजीरावाच्या फौजेचा वाटा मोठा होता. उलट 1756 मध्ये पेशवे इंग्रजांच्या बाजूने उतरताच तुळाजी आंग्र्यांचा बळकट विजयदुर्ग पडला. जमिनीवरचा आधार सुटला की जलदुर्ग एकटा पडतो. कुलाब्याचा शेवट तर लढाईविनाच झाला: आंग्र्यांच्या गादीला वारस न उरल्याने 1840 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कुलाबा संस्थान खालसा केले. तटावर चाकांच्या गाड्यांवर उभ्या असलेल्या, पर्यटकांच्या आवडत्या इंग्लिश तोफांवर मात्र 1849 साल कोरलेले आहे. आंग्र्यांच्या लढायांशी त्यांचा संबंध नाही.