सेकंदाचा शंभरावा भाग

आपण फाइल ‘सेव्ह’ करतो, पण ती सहसा लगेच डिस्कवर जात नाही. थोडा वेळ मेमरीतच थांबते. जुन्या युनिक्समध्ये दर ३० सेकंदांनी ती डिस्कवर उतरवत. लिनक्सच्या २.४ कर्नलमध्ये ही मुदत ‘जिफी’त, म्हणजे कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्यांत लिहीत. साध्या पीसीवर सेकंदाला १०० ठोके पडायचे, २.६ मध्ये ते १००० झाले. जुना आकडा तसाच राहता, तर ३० सेकंदांचे तीनच उरले असते! २.६ मध्ये मुदत सेंटिसेकंदांत आली: ३००० म्हणजे ३० सेकंद. आता आपण ते मिलिसेकंद समजून निर्धास्त राहिलो आणि वीज गेली, तर अर्ध्या मिनिटाचं काम गेलंच. आकडा वाचण्याआधी एकक विचारावं, ते यासाठी.