सोलापूर १९३० आणि अनुच्छेद ३४

आणीबाणी म्हणजेच मार्शल लॉ, असे आपल्या लेखनात सर्रास गृहीत धरले जाते. आम्हांस ते मान्य नाही. मार्शल लॉ पाहावा तो मे १९३० च्या सोलापुरात. सुमारे सात आठवडे शहर लष्कराच्या हाती होते. राष्ट्रीय झेंडा बाळगणे हादेखील तुरुंगवासाचा गुन्हा ठरला होता.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने हा शब्द हद्दपार केला नाही, हे विशेष. अनुच्छेद ३४ त्याची व्याख्या करीत नाही. पण त्या अमलातील कृत्यांबद्दल अधिकाऱ्यांना अभय देण्याची आणि तेव्हाच्या शिक्षा वैध ठरविण्याची मुभा संसदेला देतो. १९७५ च्या आणीबाणीचा धडा घेऊन १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही अबाधित ठेवला. अनुच्छेद ३४ ला मात्र तिने हात लावला नाही.