डॅशबोर्डातील एक आयत: गाडीतल्या आवाजाची शंभर वर्षे

१८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. गेल्या चाळीस वर्षांत जगभरच्या मोटारगाड्यांच्या डॅशबोर्डावर हा आयत कोरला गेला, आणि त्याच्या आधारावर लाखो सामान्य माणसांनी आपल्या गाडीचा आवाज स्वतःच्या हाताने बदलला. भाईंदर पश्चिमेला दीडशे फुटी रस्त्यालगतच्या एखाद्या सोसायटीच्या आवारात रविवारी सकाळी कुणी तरुण स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीत वाकून बसलेला दिसतो, तो याच आयतापुढे बसलेला असतो. आजचा धागा त्या आयताचा. तो कसा आला, त्याआधी काय होते, आणि आता तो का नाहीसा होत आहे.

सुरुवात शिकागोपासून करावी लागते. १९३० साली पॉल गॅल्विन आणि त्याचा भाऊ जोसेफ यांच्या छोट्या कंपनीने मोटारीत बसवता येईल असा रेडिओ तयार केला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. पुढे कंपनीचेच नाव ते झाले. मोटारीत रेडिओ बसवण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. पण ते श्रीमंतांचे चोचले होते. गॅल्विनचा रेडिओ बसवणे हेदेखील सोपे काम नव्हते. डॅशबोर्ड उघडायचा, आसनाखाली वा जमिनीखाली बॅटऱ्यांसाठी जागा करायची, लाऊडस्पीकर वेगळा टांगायचा, छताच्या कापडामागे एरियलची तार फिरवायची. एका बँकरकडून कर्ज मिळावे म्हणून गॅल्विनने त्याच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला आणि थोड्याच वेळात ती गाडी पेटली, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा रंगवलेली, तिच्यातील धोका खरा आहे आणि तो आजही तितकाच जिवंत आहे. त्याकडे पुढे येऊच.

त्या काळच्या कारागिरांपुढचा मोठा शत्रू आगीपेक्षाही विचित्र होता: गाडीचे स्वतःचे इंजिन. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवले जाते. आणि ठिणगी म्हणजे काय? हर्ट्‌झने आणि मार्कोनीने पहिल्या रेडिओलहरी पाठवल्या त्या ठिणगीनेच. म्हणजे प्रत्येक मोटार ही चाकांवरचे एक बेवारस प्रक्षेपण केंद्र होती आणि ती स्वतःच्याच रेडिओत खरखर सोडत होती. यावर उपाय म्हणून स्पार्क प्लगच्या तारांवर रोधक आणि डायनामोवर कंडेन्सर बसवू लागले. दुसरी अडचण विजेची होती. व्हॉल्व्हच्या रेडिओला शंभराहून अधिक व्होल्ट लागत, गाडीची बॅटरी तर बहुधा सहाच व्होल्टची. मग ‘व्हायब्रेटर’ नावाचा थरथरणारा स्विच लावून, ट्रान्सफॉर्मरमधून तो दाब वाढवत. हा व्हायब्रेटर स्वतःच गुणगुणत असे. पंचावन्न साली फिलको कंपनीने क्रायस्लरसाठी केवळ ट्रान्झिस्टरांवर चालणारा कार रेडिओ आणला, तेव्हा कुठे ही गुणगुण संपण्याच्या वाटेला लागली.

आता मुंबईकडे वळू. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. ऐकणाऱ्याला परवाना काढावा लागे, वर्षाला दहा रुपये. १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी कायद्याने तर परवान्याविना बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरवला. यंत्र दिवाणखान्यात आहे की मोटारीत, याने कायद्याला फरक पडत नव्हता. ऐकणाऱ्याच्या परवान्याची ही पद्धत स्वतंत्र भारतातही १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. आजच्या वाचकाला हे गमतीदार वाटेल. पण गाडीत काय वाजावे हा प्रश्न आपल्याकडे प्रथम सरकारदरबारी सुटत होता, हे ध्यानात ठेवावे.

गाडी तरी कोणती? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार होऊन ‘फियाट ११००’ आली. तिचेच १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ असे बारसे झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, हे समीकरण तिथून पुढे दोन पिढ्यांच्या मनात घट्ट बसले.

त्या रेडिओवर ऐकायचे काय, हाही वादाचाच विषय होता. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीताविषयीचे त्यांचे प्रेम अस्सल होते, त्यांनी कलावंतांना दिलेला आधारही मोठा होता; पण श्रोत्याचा कान हुकमाने वळत नाही. श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. अमीन सायानींच्या आवाजातली ‘बिनाका गीतमाला’ मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोला जाई आणि तिथून लघुलहरींवर परत मुंबईत येई! ज्याच्या गाडीतल्या रेडिओला लघुलहरींचा पट्टा नव्हता, त्या मुंबईकराला ती गाडीत मिळत नसे. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली.

सरकारचा हा ताबा खऱ्या अर्थाने सैल केला तो कॅसेटने. फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ती मांडली, आणि त्याच दशकाच्या अखेरीस गाडीत बसणारे कॅसेट प्लेअर आले. आपल्याकडे आयात शुल्क जबर असल्याने परदेशी ‘टेप’ बराच काळ मनीष मार्केट, हिरा पन्ना अशा बाजारांतून, कानोकानी चौकशी करून मिळवावा लागे. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि चित्र पालटले. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते आणि भीमगीते, विठ्ठल उमप यांची शाहिरी, कोळीगीते, भारुडे, लोकनाट्ये, ज्यांना आकाशवाणीच्या वेळापत्रकात मोजकी मिनिटे मिळत, ती आता ट्रकच्या केबिनमध्ये आणि टॅक्सीत तासन्‌तास वाजू लागली. मराठी लोकसंगीताच्या इतिहासात गाडीतल्या टेपची नोंद क्वचित घेतली जाते. माझ्या मते ती घेतली पाहिजे.

मात्र टेप मिळाला तरी तो बसवायचा कुठे? प्रत्येक कंपनीचे खोके निराळे, प्रत्येक डॅशबोर्डाचे भोक निराळे. मग पत्र्याची पट्टी वाकवून टेप डॅशबोर्डाखाली टांगायचा आणि मागचे स्पीकर मागील काचेखालच्या फळीत करवतीने भोके पाडून बसवायचे. हे काम मिस्त्रीच्या हातचे. घरी करण्यासारखे नव्हे.

इथे तो आयत येतो. जर्मनीच्या मानक संस्थेने, म्हणजे ‘डिन’ने, कार रेडिओच्या खोबणीचे माप ठरवून दिले होते. १९८४ मध्ये ते ‘आयएसओ ७७३६’ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाले. जपान्यांनी दुप्पट उंचीचा, १८० बाय १०० चा भाऊबंद प्रचलित केला. दुकानदार त्यांना आजही ‘सिंगल डिन’ आणि ‘डबल डिन’ म्हणतात. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली होती. पुढे स्वस्त गाड्यांच्या साध्या आवृत्त्यांत रेडिओ नसे, पण त्याच्या जागी काळ्या प्लास्टिकचे झाकण असे. ते झाकण म्हणजे निमंत्रणच. १९९१ नंतर आयात सैल झाली, आणि लॅमिंग्टन रोडचे दिवस आले.

भाईंदरकराला हा बाजार एका लोकलच्या अंतरावर. ग्रँट रोडला उतरावे आणि चालत जावे. रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग; पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या तोंडून अजून जात नाही. तिथून कनेक्टर, फ्यूज होल्डर, तांब्याची वायर मीटरवर घेऊन परतीची विरार लोकल पकडायची, ही मीरा-भाईंदरच्या हौशी मुलांची शाळा होती.

१९९५ मध्ये आणखी एक मानक आले, ‘आयएसओ १०४८७’. हे जोडणीच्या प्लगचे. एका प्लगमध्ये वीज, दुसऱ्यात स्पीकर. स्टिरिओसोबत येणाऱ्या तारांचे रंगही रूढ झाले: पिवळी म्हणजे बॅटरीची कायमची वीज, तिच्यावर घड्याळ आणि स्मृती टिकते, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी, काळी अर्थ, निळी-पांढरी अँप्लिफायरला ‘जागा हो’ सांगणारी. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या जोड्या चार स्पीकरांच्या. एक खोच मात्र राहिली. फोक्सवॅगनसारख्या काही कंपन्यांनी पिवळ्या आणि लाल तारेच्या जागांची अदलाबदल केली. अशा गाडीत सरळ प्लग लावला की गाडी बंद करताच साठवलेली स्टेशने पुसली जातात. मानक एक असले तरी प्रत्येक घर आपली चूल वेगळी मांडतेच.

हेड युनिट बदलणे इतके सोपे झाले. अँप्लिफायरचे तसे नाही, आणि गॅल्विनच्या कथेतील आग इथेच पुन्हा भेटते. गणित पाहा. चार स्पीकरांना प्रत्येकी ५० वॅट खरी शक्ती द्यायची म्हणजे २०० वॅट. जुन्या ‘एबी’ वर्गाच्या अँप्लिफायरची कार्यक्षमता सुमारे ६० टक्के धरली, तर बॅटरीकडून ३३० वॅटच्या आसपास ओढावे लागतात. इंजिन चालू असताना दाब १३.८ व्होल्ट, म्हणजे प्रवाह जवळपास २४ अँपिअर. दोन्ही हेडलाइट मिळून ९-१० अँपिअर खातात. गाडीतल्या रेडिओच्या मूळ तारेला १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो. म्हणून अँप्लिफायरची वीज त्या तारेवरून घेणे हा मूर्खपणा ठरतो. ती थेट बॅटरीवरून, स्वतंत्र जाड वायरीने, आणि स्वतंत्र फ्यूजमधून न्यावी लागते.

हा फ्यूज अँप्लिफायरला वाचवण्यासाठी असतो, असा समज सार्वत्रिक आहे. तो वायरीसाठी असतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत चार मीटर वायर पत्र्याच्या कडांवरून, सीटच्या रुळांखालून जाते. कुठेही तिचे आवरण कापले गेले आणि तांबे पत्र्याला लागले, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते आणि वायर तापलेल्या सळईसारखी लाल होते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या जवळ, ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. डिकीत, अँप्लिफायरशेजारी लावलेला फ्यूज त्या चार मीटरांबाबत निरुपयोगी. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून वायर नेताना भोकात रबरी कडे बसवलेच पाहिजे. आणि काम सुरू करताना आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना गाडीच्या अंगाला लागला तर तोच शॉर्टसर्किट घडवतो. नव्या गाड्यांत आसनाखालच्या आणि खांबांतल्या पिवळ्या प्लगना हात लावू नये, ते एअरबॅगचे.

भाईंदर पश्चिमेला एक गोष्ट अधिक सांभाळावी लागते. स्टेशनवरून उत्तनकडे निघाले की राई, मुर्धा, मोर्वा या गावांच्या वाटेवर मिठागरे आणि खाडी, आणि शेवटी समुद्र. या हवेत लोखंड लवकर कुजते. अँप्लिफायरचा अर्थ गाडीच्या पत्र्याला जोडतात. रंगावरच नट आवळला तर जोड पहिल्या दिवसापासून कच्चा. रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडे करावे, लग घट्ट दाबून बोल्टने आवळावी, आणि मग वरून ग्रीस किंवा रंग लावून तो जोड हवेपासून झाकावा. हे शेवटचे पाऊल आपल्याकडे बहुतेक जण गाळतात. वर्ष-दोन वर्षांत गंज चढतो, रोध वाढतो, आणि स्पीकरमधून एक बारीक शीळ ऐकू येऊ लागते, जी ॲक्सिलरेटर दाबला की चढते. ती आल्टरनेटरची. १९३० मध्ये मोटारीची ठिणगी रेडिओत शिरत होती, आता आल्टरनेटर शिरतो. सिग्नलची केबल एका बाजूने आणि विजेची वायर दुसऱ्या बाजूने न्यायची, हा त्या जुन्या भांडणातून निघालेला तह आहे.

आवाजाला बाहेरूनही लगाम बसला. १४ फेब्रुवारी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. बंद काचांआड वाजणारा वूफरही शेजारच्या इमारतीत ऐकू जातो, कारण खर्जाच्या लांब लहरी काच आणि पत्र्याला फारशा जुमानत नाहीत.

२००२ मध्ये मुंबईत खासगी एफएम आले, मग यूएसबी, मग ब्लूटूथ. दर वेळी तोच आयत नवे यंत्र पोटात घेत गेला. २००३ मध्ये नोंदलेली मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. त्याच सुमारास आयतही मिटत होता. आजच्या बहुतेक नव्या गाड्यांत खोबण नाही; पडदा आहे, आणि तो डॅशबोर्डाच्या घडणीतच ओतलेला आहे. मागचा कॅमेरा, काही गाड्यांत वातानुकूलन, स्टीअरिंगवरची बटणे, सारे गाडीच्या अंतर्गत संगणक-जाळ्यातून त्याच पडद्याशी बोलते. पडदा उपटून काढला तर गाडीचे इतर अवयवही मुके होतात. १९३३ मध्ये परवाना सरकार देत होते. आता ती किल्ली कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.

तरी कारागीर थांबलेला नाही. मूळ पडदा तसाच ठेवायचा, त्याच्या मागच्या स्पीकरच्या तारांवरून आवाज उचलायचा, ‘हाय-लेव्हल इनपुट’ असलेल्या अँप्लिफायरला द्यायचा, आणि वीज मात्र पूर्वीसारखीच बॅटरीवरून, फ्यूजमधून आणायची. तार कापायची नसेल तर त्या गाडीच्या मापाचा मधला प्लग मिळतो. तो घेताना गाडीचे वर्ष आणि आवृत्ती सांगावी लागते, कारण एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांत प्लग बदललेला असू शकतो.