दैवी वारा आणि दगडी तट

संकट टळलें म्हणजे त्याचें श्रेय देवास द्यावयाचें, ही मनुष्याची जुनी रीत आहे. परंतु त्या श्रेयाखालीं माणसांचे कष्ट झांकले गेले, तर पुढील पिढ्यांस काय भोगावें लागतें, हें जपानच्या इतिहासावरून कळतें.

मंगोल बादशहा कुब्लाईखान यानें इ. स. १२७४ मध्यें जपानवर पहिली स्वारी केली. हाकाता उपसागरांत उतरलेली ती फौज लौकरच परत फिरली. हा इशारा ओळखून कामाकुरा येथील सत्ताधारी होजो तोकिमुने यानें १२७६ सालीं त्या किनाऱ्यावर दगडी तट घालण्यास आरंभ केला. क्यूशू बेटांतील प्रांतांनीं हें काम वांटून घेतलें व सुमारें २० किलोमीटर लांबीचा तट उभा केला.

१२८१ सालीं कोरियांतून एक व दक्षिण चीनमधून दुसरें अशीं दोन प्रचंड आरमारें चालून आलीं. तटामुळें शत्रूस हाकात्यास पाय रोवतां येईना. रात्रीं लहान होड्यांतून सामुराई त्याच्या जहाजांवर छापे घालीत. अशा स्थितींत कित्येक आठवडे गेले, आणि तुफानांचा मोसम येऊन ठेपला. प्रशांत महासागराच्या तापलेल्या पाण्यावर पोसलेलीं हीं वादळें उन्हाळ्याच्या अखेरीस क्यूशूकडे वळतात. ऑगस्टच्या मध्यास तसेंच एक वादळ ताकाशिमा बेटापाशीं दाटीनें नांगरलेल्या जहाजांवर कोसळलें. जहाजें एकमेकांवर आदळून फुटलीं; हजारों माणसें बुडालीं. त्यांतील एका जहाजाचा सांगाडा २०११ सालीं तेथेंच समुद्राच्या तळाशीं सांपडला.

हा आमच्या प्रार्थनांचा प्रताप, असें म्हणून देवळांनीं व मठांनीं बक्षिसें मागितलीं. लढलेल्या सामुराईंस द्यावयास मात्र जिंकलेली जमीन नव्हती. त्यांचा असंतोष धुमसत राहिला. लोकांच्या तोंडीं ‘कामिकाझे’, म्हणजे देवांचा वारा, हें नांव उरलें. तट हळूहळू वाळूखालीं गेला.

१९४४ च्या ऑक्टोबरांत तेंच नांव घेऊन तरुण वैमानिक शत्रूच्या जहाजांवर विमानांसह आदळूं लागले. त्याच वर्षीं १८ डिसेंबर रोजीं फिलिपाइन्सच्या पूर्वेस खरेंखुरें तुफान अमेरिकन आरमारावर आलेंही. तीन विनाशिका बुडाल्या, सुमारें ७९० खलाशी मेले. पण युद्धाचा ओघ तसूभरही फिरला नाहीं.

वारा दोन्ही वेळीं आला. पहिल्या वेळीं तो येईपर्यंत शत्रूस पाण्यावर अडवून धरणारा तट उभा होता. त्या तटाचे दगड वाहणाऱ्या हातांस कोणी देव म्हटलें नाहीं, इतकेंच आम्हांस येथें नमूद करावयाचें आहे.