मेरुरज्जू-इजेवरील परदेशी मूलपेशी-उपचार

मेरुरज्जूला इजा होऊन हातपाय लुळे पडलेला रुग्ण स्वदेशात मान्यता नसलेला मूलपेशींचा, म्हणजे रूढ भाषेत स्टेम सेलचा, उपचार स्वखर्चाने परदेशात जाऊन घेतो, तो प्रकार. २००१च्या सुमारास बीजिंग आणि लिस्बन या दोन शहरांतून त्याची सुरुवात झाली. पुढे शेन्झेन, कोलोन, दिल्ली, पनामा अशी त्याची ठिकाणे वाढत आणि बदलत गेली. एका देशाने कायदा कडक केला की केंद्र दुसऱ्या देशात निघते, हे या व्यवहाराचे कायमचे लक्षण आहे. वैद्यकीय चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात आणि त्याची पुढची काही वर्षे नोंद ठेवायची असते. येथे बहुधा दोन्ही उलट घडते.

इजा व तिचे मोजमाप : प्रौढ माणसाचा मेरुरज्जू सुमारे ४५ सेंमी. लांब आणि करंगळीएवढा जाड असतो. मणका मोडून किंवा सरकून तो चेंगरला की पहिले नुकसान क्षणात होते. त्यानंतरच्या दिवसांत सूज, तुटलेला रक्तपुरवठा आणि दाह यांमुळे ते वाढत जाते. अखेरीस तेथे पोकळी आणि तिच्याभोवती व्रणऊती उरते. हातापायांतील नसांचे तंतू तुटल्यावर काही प्रमाणात पुन्हा वाढतात, परंतु मेंदू व मेरुरज्जू यांतील लांब तंतू प्रौढपणी आपणहून वाढून पलीकडे पोहोचत नाहीत. मान दुखावली तर चारही अवयव जातात, पाठ दुखावली तर पाय. लघवी व शौचावरचा ताबा मात्र बहुधा दोन्हींत जातो.

इजेची तीव्रता ‘एशिया’ या अमेरिकी मेरुरज्जू-इजा संघटनेच्या मोजपट्टीवर ए ते ई अशा पाच श्रेणींत मांडतात. ए म्हणजे इजेच्या खाली, अगदी शेवटच्या त्रिक भागापर्यंत, संवेदना नाही आणि हालचालही नाही; ई म्हणजे दोन्ही पूर्ववत. मूलपेशींच्या दाव्यांची शहानिशा करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ए श्रेणीतील काही रुग्ण पहिल्या वर्षात कोणताही खास उपचार न घेताही बी किंवा सी श्रेणीत जातात. त्यामुळे अपघातानंतर लवकर पेशी टोचलेल्या रुग्णाच्या पायाचा अंगठा हलला, तर तो पेशींमुळे हलला की एरवीही हललाच असता, हे एकट्या रुग्णाकडे पाहून सांगता येत नाही. त्यासाठी तुलनेला पेशी न दिलेला गट लागतो. परदेशी केंद्रांच्या कामात नेमका तोच नसतो.

पेशींचे प्रकार : एकाच नावाखाली अगदी भिन्न वस्तू विकल्या गेल्या आहेत. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील किंवा चरबीतील पेशी, नाळेच्या रक्तातील पेशी, गर्भपातानंतर मिळालेल्या गर्भाच्या मेंदूतील पेशी, भ्रूणापासून वाढवलेल्या पेशी आणि नाकातील घ्राणपटलाच्या पेशी, असे त्यांचे मुख्य गट. घ्राणपेशींना मूलपेशी म्हणणे काटेकोर नाही. वासाच्या नसा मात्र आयुष्यभर नव्याने उगवत राहतात आणि त्यांना वाट करून देणाऱ्या आवरक पेशी मेरुरज्जूतही तेच काम करतील, हा त्यामागचा तर्क होता, आणि तो निराधार नव्हता. पेशी पोहोचवण्याचे मार्गही वेगवेगळे आहेत : शिरेतून सलाइनसारख्या, कमरेत सुई घालून पाठीच्या पाण्यात, किंवा पाठ उघडून थेट इजेच्या जागी. शेवटच्या मार्गात उरलेसुरले कार्यही गमावण्याचा धोका असतो. मानेच्या रुग्णाला तर मनगटाची जराशी हालचाल गमावणेही परवडणारे नसते.

रुग्ण का जातात : भोळेपणामुळे, हे उत्तर सोपे आहे आणि बरेचसे चुकीचे. जिरॉन कंपनीने भ्रूणजन्य पेशींची पहिली मान्यताप्राप्त चाचणी ऑक्टोबर २०१० मध्ये अटलांटाच्या शेफर्ड सेंटरमध्ये सुरू केली, तेव्हा इजेनंतर ७ ते १४ दिवसांतलेच रुग्ण घेतले. जपानमधील केइओ विद्यापीठाच्या चाचणीत ही मुदत १४ ते २८ दिवसांची होती. शास्त्रीय कारण रास्त आहे : जुन्या व्रणापेक्षा ताज्या इजेत पेशी रुजण्याची शक्यता अधिक. परंतु दोन, पाच किंवा दहा वर्षे चाकाच्या खुर्चीत असलेल्या माणसाला या मुदतीचा अर्थ एवढाच, की बहुतेक मोठ्या चाचण्यांची दारे त्याला बंद आहेत. उघडे राहते ते पैसे घेणारे दार. त्यात जिरॉनने नोव्हेंबर २०११ मध्ये ही चाचणी थांबवली, तीही धोका आढळला म्हणून नव्हे, तर खर्चाचा विचार करून. अशा बातम्यांनंतर ‘आपल्याकडे कधी होणार’ हा प्रश्न कुटुंबात विचारला जाईनासा होतो आणि विमानाची तिकिटे पाहिली जातात. दराबद्दल बोलायचे तर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा केंद्रांच्या जाहिरातींपैकी ज्यांनी दर उघड केले होते त्यांची सरासरी प्रवासखर्च सोडून २१,५०० डॉलर आली.

जाहिरातीत रुग्ण नेहमी चालताना दाखवतात. प्रत्यक्षात २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मानेची इजा असलेल्यांनी सर्वांत आधी हातांचे कार्य परत मागितले होते. पाठीची इजा असलेल्यांनी लैंगिक कार्य पहिले मांडले, आणि लघवी-शौचावरचा ताबा दोन्ही गटांत वरच्या क्रमांकावर होता. चालणे त्या मानाने मागे होते.

बीजिंग : शल्यचिकित्सक ह्वांग होंगयुन यांनी अमेरिकेतील रट्गर्स विद्यापीठात संशोधन करून परतल्यावर, २००१ पासून गर्भाच्या घ्राणकंदातील, म्हणजे मेंदूच्या वासाशी संबंधित भागातील, पेशी रुग्णांच्या मेरुरज्जूत घालण्यास सुरुवात केली. २००३ मध्ये त्यांनी १७१ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. काही आठवड्यांतच संवेदना व हालचाल सुधारते, असा दावा त्यात होता. नवे तंतू इतक्या लवकर वाढत नाहीत, हे कोणाही मज्जाविज्ञान्याला ठाऊक असते. तरीही परदेशी रुग्णांची रांग लागली. ब्रूस डॉबकिन, आर्मिन कर्ट व जेम्स गेस्ट या तिघा तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर सात रुग्ण तपासले आणि २००६ मध्ये निष्कर्ष मांडला. उपयोगी पडेल असा कार्यलाभ त्यांना कोणातही आढळला नाही. गुंतागुंतींत मेनिंजायटिसही होता. आणि टोचलेल्या पेशी नेमक्या कोणत्या होत्या व त्यांचे पुढे काय झाले, हेच निश्चित नव्हते.

लिस्बन : या विषयातील सर्वांत शिकवणारे प्रकरण हेच आहे, कारण येथे फसवणूक नव्हती. एगास मोनिश या सरकारी रुग्णालयात डॉ. कार्लोस लिमा व त्यांचे सहकारी २००१ पासून रुग्णाच्या नाकातील घ्राणपटलाचा तुकडा काढून, पाठ उघडून, व्रण बाजूला करून त्या पोकळीत बसवत असत. ऊती रुग्णाचीच असल्याने शरीराने ती नाकारण्याचा प्रश्न नव्हता, आणि गर्भपेशींचा वादही टळत होता. निकाल त्यांनी लपवले नाहीत. २००६ मध्ये सात रुग्णांचा आणि २०१० मध्ये वीस रुग्णांचा अहवाल नियतकालिकात आला. वीसपैकी अकरा जणांची श्रेणी सुधारल्याचे त्यांनी नोंदवले. एकाची घसरलीही, तेही लिहिले. मात्र या रुग्णांनी शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर कसून व्यायामोपचार घेतले होते आणि तुलनागट नव्हता. तेव्हा श्रेय पटलाचे की व्यायामाचे, हा प्रश्न सुटला नाही. अमेरिकेतून जाणाऱ्या अनेकांचे पुनर्वसन डेट्रॉइटमध्ये होत असे. लिमा २०१२ मध्ये वारले.

दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या शल्यचिकित्सकांनी एका तरुण स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. आठ वर्षांपूर्वी लिस्बनमध्येच तिच्या मेरुरज्जूत घ्राणपटल बसवले होते. पाठदुखीमुळे ती आली, तेव्हा त्या जागी गाठ आढळली. गाठीत श्वसनमार्गाचे अस्तर होते, श्लेष्मा तयार करणाऱ्या ग्रंथी होत्या आणि कोठेही न जाणाऱ्या नसांच्या फांद्या होत्या. नाकातून आणलेल्या ऊतीने मणक्यातही नाकाचेच काम चालू ठेवले होते : शेंबूड साचत गेला आणि दाब वाढला. कर्करोग नव्हता, पण शस्त्रक्रिया करावी लागली. २०१९ मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी पोर्तुगालमध्ये उपचार घेतलेल्या आणखी एका रुग्णेत, बारा वर्षांनी वाढलेली अशीच गाठ नोंदवली.

आठ वर्षे आणि बारा वर्षे, या अंतरांतच प्रकरणाचे मर्म आहे. उपचार एका खंडात झाला, दुष्परिणाम दुसऱ्या खंडातल्या रुग्णालयात उगवला, आणि तेथील डॉक्टरांनी आवर्जून लेख लिहिला म्हणून तो कळला. लिहिले गेले नाही असे किती, याचा हिशेब ठेवणारी यंत्रणाच नाही. प्रामाणिक शल्यचिकित्सकही येथे अपुरा पडला, कारण दीर्घ पाठपुरावा हे एका माणसाच्या नीयतीचे काम नसते. तुलनेसाठी ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घ्यावे. ब्रिस्बेनमध्ये अ‍ॅलन मॅके-सिम यांच्या गटाने पटलाचा अख्खा तुकडा न वापरता शुद्ध केलेल्या आवरक पेशी तीन रुग्णांत घातल्या, तेवढेच पेशी न दिलेले रुग्ण शेजारी ठेवले, तीन वर्षे तपासले आणि २००८ मध्ये सरळ सांगून टाकले : धोका दिसला नाही, लाभही दिसला नाही. या निकालाची कोणी जाहिरात केली नाही.

मणक्याच्या रुग्णांशी थेट संबंध नसला, तरी मॉस्कोचे उदाहरण येथे टाळता येत नाही. मेंदूच्या आनुवंशिक विकाराच्या एका इस्रायली मुलाला तेथे गर्भाच्या मज्जापेशी अनेकदा दिल्या गेल्या. पुढे मेंदूत व मेरुरज्जूत झालेल्या अर्बुदांतील पेशी त्याच्या स्वतःच्या नव्हत्या, दात्यांच्या होत्या, हे २००९ मध्ये तपासणीने सिद्ध झाले.

केंद्रे आणि कायदे : शेन्झेनची बेइके ही कंपनी २००५ पासून नाळरक्ताच्या पेशी अनेक रुग्णालयांमार्फत परदेशी रुग्णांना देत होती. चीनने २००९ मध्ये अशा उपचारांना सरकारी परवानगी आवश्यक केली आणि २०१२ च्या आरंभी विनापरवाना वापर थांबवण्याचा आदेश काढला. जर्मनीतील एक्ससेल-सेंटर कायद्यातील पळवाटेवर उभे होते. २०१० मध्ये मेंदूत पेशी टोचल्यानंतर एका बालकाचा मृत्यू झाला आणि २०११ मध्ये ते बंद पडले. भारत हा या नकाशावर स्वतःच ‘परदेश’ आहे. दिल्लीत डॉ. गीता श्रॉफ यांच्या केंद्रात भ्रूणजन्य पेशी घेण्यासाठी अमेरिका व ऑस्ट्रेलियातूनही मणक्याचे रुग्ण येत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ मध्ये आपल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकातून ‘उपचार’ काढून फक्त ‘संशोधन’ ठेवले. रक्तविकारांतील प्रस्थापित रोपण सोडता मूलपेशींचा कोणताही वापर मान्य चाचणीबाहेर करू नये, ही भूमिका तिने २०१७ मध्ये पुन्हा मांडली.

कुनमिंग व जपान : चीनमधील कुनमिंग येथे नाळरक्ताच्या पेशींबरोबर दिवसाला सहा तास, आठवड्याला सहा दिवस, सहा महिन्यांपर्यंत चालण्याचा सराव घेतला जाई. २०१६ च्या अहवालानुसार वीसपैकी पंधरा जण चाकांच्या वॉकरच्या आधाराने दहा मीटर चालू शकले. स्नायूशक्तीचे गुण मात्र जवळपास हलले नव्हते. एवढा सराव पेशींविना दिला असता तर काय झाले असते, हे पाहिलेले नाही. परदेशी केंद्रांतही सुईच्या जोडीला जोरकस फिजिओथेरपी असते आणि घरी परतल्यावर सगळे श्रेय सुईला जाते.

जपानने वेगळा मार्ग घेतला. सप्पोरो वैद्यक विद्यापीठाने विकसित केलेल्या, रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशींच्या ‘स्टेमिरॅक’ला २०१८ च्या अखेरीस सात वर्षांची सशर्त परवानगी मिळाली. आधार होता केवळ तेरा रुग्णांचा, तुलनागटाविना. ‘नेचर’ने त्यावर कडक टीका केली, आणि ती योग्यच होती : अर्धवट पुराव्यावर औषध विकण्याची सोय सरकारने केली, की परदेशी केंद्रांना नावे ठेवण्याचा आधार सैल होतो. केइओ विद्यापीठात प्रौढ पेशींना मूलावस्थेत आणून त्यांपासून बनवलेल्या मज्जापेशी, प्रत्येकी वीस लाख, चार रुग्णांना दिल्या गेल्या. पहिली शस्त्रक्रिया डिसेंबर २०२१ मध्ये झाली. मार्च २०२५ मध्ये दोघांत ठळक सुधारणा व गंभीर दुष्परिणाम नाही, असे जाहीर झाले. चारांवरून निष्कर्ष काढता येत नाही, हे त्या संशोधकांनाही मान्य आहे.

जाणाऱ्याने काय तपासावे : चाचणी सरकारी नोंदवहीत नोंदलेली आहे का, पैसे का मागतात, पेशी कोणाच्या व कोणत्या प्रयोगशाळेत वाढवल्या, जंतुसंसर्गाची तपासणी कोणी केली, आणि दोन-पाच वर्षांनी रुग्णाची विचारपूस कोण करणार. आंतरराष्ट्रीय मूलपेशी संशोधन संस्थेने २००८ मध्ये रुग्णांसाठी काढलेल्या पुस्तिकेत याच धर्तीचे प्रश्न आहेत. परतताना पेशींचा प्रकार, संख्या, टोचण्याची जागा आणि आधीचे-नंतरचे एमआरआय लेखी मागून घ्यावेत. पुढे गाठ झाली तर इथल्या डॉक्टरला दुसरा धागा नसतो. लांबच्या विमानप्रवासात बेडसोअर आणि पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, हे धोके पेशींइतकेच खरे आहेत. आणि एक नुकसान जाहिरातीत कधीच लिहिलेले नसते : पूर्वी पेशीरोपण झालेल्या रुग्णाला नंतरच्या चाचण्या बहुधा घेत नाहीत. जुन्या इजेसाठी उद्या एखादी चाचणी निघाली, तर अर्जातील तो रकाना त्याला वगळण्यास पुरेसा असतो.